साठा पुरेसा, माल वाटेवर

सरकारी औषध भांडारात तिला सगळे साठेबाई म्हणत. तिच्या आडनावाशी याचा काही संबंध नव्हता. देशातल्या सरकारी दवाखान्यांत कुठलं औषध किती उरलंय आणि ते कुठवर पुरेल, हे बघणं तिचं काम. साठा बघते ती साठेबाई, असं एका हमालाने कधीतरी गमतीत म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की तिचं खरं नाव घ्यायची वेळ आली तर रोखपालही अडखळायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "निदान कामावरून नाव पडलंय, नाकावरून नाही," ती म्हणायची. तिचं नाक जरा मोठंच होतं.

भांडार म्हणजे पत्र्याच्या उंच छपराची लांबलचक शेड. आत छपरापर्यंत खोक्यांच्या थप्प्या आणि मधून हातगाडी जाईल एवढीच वाट. एका टोकाला तिची काचेची खोली होती. सुरुवातीला तिच्याकडे ताप-खोकल्याची औषधं आणि सलाईन असायचं. मग एक गृहस्थ निवृत्त झाले आणि कुटुंब नियोजनाचं टेबल रिकामं पडलं. ते कुणालाच नको होतं. गोळ्या, तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी, कंडोम. हमाल कंडोमची खोकी रचताना छापील बाजू भिंतीकडे करत, आणि मग कुठल्या खोक्यात काय आहे हे शोधायला सगळी थप्पी पुन्हा उतरवावी लागे. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला ते बरं पडेल." काय बरं पडणार होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तिनेही ते टेबल नाइलाजानेच घेतलं. घरी सासूबाईंनी विचारलं तर सांगायची, "औषधांचंच बघते." पण पहिल्याच वर्षी तिला एका लांबच्या दवाखान्यात तपासणीला जावं लागलं. ती सिस्टरच्या शेजारी बसली होती. एक बाई चालत आली होती, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. सिस्टरने तिला सांगितलं, इंजेक्शन संपलंय. बाई पायरीवर बसली, चपला काढून त्यातली माती झटकली, परत घातल्या आणि आल्या वाटेने चालायला लागली. साठेबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. सलाईन संपलं की नातेवाईक आरडाओरडा करतात, वर्तमानपत्रात येतं, साहेबांची धावपळ होते. हे संपलं तर कुणी ओरडत नाही. ज्यांना ओरडायचंय त्यांना घरी कळू द्यायचं नसतं. त्या दिवसापासून हे टेबल तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळलं.

महिन्यातून एकदा तिची एक मोठी बैठक असे. मोठी म्हणजे माणसं मोठी. जागा तीच काचेची खोली. संगणकाच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात कितीतरी देशांची तिच्यासारखी माणसं दिसायची. माल बनवणारे, पैसा देणाऱ्या संस्थांचे लोक, आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी एक संयोजकबाई, जिचा आवाज सकाळी लवकर उठलेल्या माणसासारखा नेहमी थोडा बसलेला असे. कुणाकडे काय जास्त झालंय, कुणाकडे कमी पडतंय, हे सगळ्यांसमोर एका तक्त्यात मांडलेलं असायचं. मग कुठलं जहाज आधी सोडायचं, कुठलं थांबवायचं, कुणाचा उरलेला माल मुदत संपायच्या आत कुणाला द्यायचा, हे तिथे ठरायचं. साठेबाईने नवऱ्याला एकदा समजावून सांगितलं होतं, "शेजारणीकडे वाटीभर साखर मागतो ना, तसंच. फक्त शेजारीण समुद्रापलीकडे राहते." नवरा पाण्याच्या टाकीवर नोकरीला होता. तो म्हणाला, "मागायची लाज वाटली की काय करता?" तेव्हा ती हसली होती. म्हणाली, "तिथे कुणाला लाज वाटत नाही. त्यासाठीच तर बसतो."

घरात ती, नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि त्याची बायको. साठेबाईची एकुलती मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती. दीर पुलांच्या बांधकामावर क्रेन चालवायचा आणि दीड-दोन महिन्यांनी चार दिवस घरी यायचा. त्याची बायको, म्हणजे साठेबाईची धाकटी जाऊ, घरीच शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. तिला तीन मुलं. तिसऱ्याच्या वेळी रक्तस्राव थांबेना, दोन दिवस तिचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा दिवस जाता कामा नयेत. दिराने ते ऐकून घेतलं आणि विसरून गेला. गोळ्या त्याने एकदा उशीच्या अभ्र्यात सापडल्या म्हणून गटारात फेकल्या होत्या; मी इथे नसताना तुला हे लागतंच कशाला, असा त्याचा सवाल. तांबी डॉक्टरांनी नको म्हटली होती, आणि ऑपरेशन त्याच्यापासून लपलं नसतं. दंडातली काडी हाताला लागते. मग साठेबाईनेच मार्ग काढला. तीन महिन्यांतून एकदा दोघी "बटणं आणायला" म्हणून बाहेर पडायच्या, आणि बाजारामागच्या सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन यायच्या. बटणं खरंच आणायच्या. घरात बटणांचे दोन डबे भरले होते.

"ताई, एवढी बटणं बघून एखाद्या दिवशी हा मला विचारेल," धाकटी म्हणायची, "की शाळेच्या शर्टाला तू बटणं किती लावतेस गं?" आणि दोघी बाजाराच्या गर्दीत हसत सुटायच्या.

असं तीन-चार वर्षं सुरळीत चाललं. मग खात्याने इंजेक्शनची खरेदी एका नव्या कंपनीकडे दिली, कारण तिचा भाव सगळ्यांत कमी होता. माल आला आणि तपासणीत नापास झाला. काही कुप्यांत औषध पुरेसं नव्हतंच. खात्याने माल नाकारला, कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत माल आहे तिथे राहील. आहे तिथे म्हणजे साठेबाईच्या शेडमध्ये. एका बाजूची अख्खी थप्पी साखळी लावून, लाखेचा शिक्का मारून बंद केली. रोज सकाळी तिच्या शेजारून तिला जावं लागे.

तिने लगेच साहेबांना गाठलं. "साहेब, जुना माल चार-पाच महिने कसाबसा पुरेल. पुढच्या बैठकीत मागून घेऊ. कुणाकडे ना कुणाकडे असतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, दोन मुलींचं शिक्षण चालू. "वकिलांनी सांगितलंय, निकाल लागेपर्यंत बाहेर कुणाकडे काही मागायचं नाही. आपण दुसरीकडून मागितलं, तर कंपनी म्हणणार, बघा, यांनी खरेदी आधीच मोडून टाकली होती. आणि वर सभागृहात सांगून झालंय, साठा पुरेसा आहे म्हणून."

"पण तो पुरेसा नाहीये."

"साठेबाई, मला दिसत नाही का? मी काय म्हणतोय ते समजून घ्या. मागितल्याशिवाय ते देऊ शकत नाहीत. आणि आपण मागू शकत नाही. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही. घरीसुद्धा नाही."

पुढच्या बैठकीला साहेब स्वतः तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांचा हात माऊसवर होता, आवाज बंद करायच्या बटणापाशी. संयोजकबाईने एकेका देशाला विचारत विचारत यांचा नंबर आणला.

"तुमचे आकडे मला नीट जुळलेले दिसत नाहीत. इंजेक्शनचं काय? काही अडचण?"

साठेबाईने कागदावर लिहून दिलेलं वाचलं. "साठा पुरेसा, माल वाटेवर."

"नक्की? कारण तुमच्या शेजारच्या देशाकडे बराच माल उरतोय. त्यांच्या बायका आता काडीकडे वळल्यात. आज कुणी हात वर केला तर तो लगेच हलवता येईल."

शेजारच्या देशाचा भांडारवाला आपल्या चौकोनात बिस्किट खात होता. जाड मिश्यांचा, गोल चेहऱ्याचा माणूस. तो घास गिळून म्हणाला, "घेऊन जा हो कुणीतरी, माझं गोदाम भरलंय." साठेबाईला वाटलं, हाताने पडदा फाडावा आणि पलीकडून ती खोकी ओढून घ्यावीत. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात माऊसचं बटण टिचकलं. आवाज बंद झाला. पडद्यावर तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसले असतील. ऐकू काही गेलं नाही. साहेबांनी पुन्हा आवाज चालू करून म्हटलं, "नक्की. धन्यवाद." माल तिसऱ्याच कुठल्या देशाला गेला.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. आधी लांबचे दवाखाने कोरडे पडले, मग जवळचे. सिस्टर लोकांचे फोन यायचे, ती सांगायची, येतोय. वाटेवर आहे. पहिल्यांदा हे सांगताना जीभ जड झाली होती. पुढे पुढे ते इतकं सहज निघायला लागलं की तिची तिलाच भीती वाटू लागली.

आणि मग धाकटीची तारीख आली. दोघी बटणं आणायला गेल्या. सिस्टरने मान हलवली. "पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाजारातल्या औषधांच्या दुकानांत विचारलं तर दुकानदार म्हणाला, सरकारी बंद झाल्यापासून आमच्याकडे झुंबड उडाली, आता आम्हालाच मिळत नाही.

"ताई, तुला तर सगळं ठाऊक असेल," परत येताना धाकटी म्हणाली. "येणार आहे ना?"

साठेबाईने समोरून येणाऱ्या बसकडे बघत सांगितलं, "येईल गं. वाटेवर आहे."

का सांगितलं तिने असं? साहेबांनी बजावलं होतं, हे एक. धाकटीकडे कापड द्यायला सगळ्या गल्लीतल्या बायका येत. तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या फिरून यायची, हे दुसरं. पण खरं म्हणजे तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला होता. कोर्टाची तारीख लागायची, तिला वाटायचं, या वेळी नक्की. तारीख पुढे जायची. ती पुन्हा पुढच्या तारखेकडे डोळे लावून बसायची.

एका दुपारी धाकटी तिच्यासाठी डबा घेऊन भांडारात आली. असं ती कधी येत नसे. काचेच्या खोलीतून तिला साखळी लावलेली थप्पी दिसली, आणि खोक्यावरचं चित्रही दिसलं. तिच्या दवाखान्यातल्या खोक्यावर असायचं तसंच.

"ताई, ही काय आहेत मग?"

"ती चालत नाहीत. खराब निघालीत."

"सगळी?"

"काही."

"मग काही चांगली असतील ना!" धाकटी काचेला हात लावून उभी राहिली. "एक आण मला. एकच. लागू पडलं तर पडलं."

"वेडी आहेस का? साखळी आहे, शिक्का आहे. आणि कुठली चांगली, कुठली नुसतं पाणी, ते कसं ओळखायचं? इंजेक्शन घेतलं म्हणून तू निर्धास्त राहशील, आणि—"

"आत्ता काय मी निर्धास्त आहे?" धाकटी म्हणाली. मग डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "बरं. वाटेवर आहे म्हणतेस ना. येऊ दे." आणि गेली. साठेबाईने तो डबा संध्याकाळी तसाच घरी नेला.

दीर आला, चार दिवस राहिला, गेला. त्या वेळी काही झालं नाही. औषधाचा असर कधी कधी जास्त दिवस टिकतो, असं सिस्टर म्हणाली होती. पण त्यावर विसंबू नका, असंही म्हणाली होती. दीर पुन्हा आला. या वेळी पुलाचं काम थांबलं म्हणून दोन आठवडे राहिला.

मग एकदा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना धाकटी म्हणाली, "मला दिवस गेलेत." ओला शर्ट झटकून दोरीवर टाकावा तशी बोलली. साठेबाईच्या हातातले चिमटे खाली पडले. ती वाकून गोळा करायला लागली, म्हणजे तोंड लपवता आलं.

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

तुम्हाला. इतक्या वर्षांत तिने साठेबाईला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"काय?"

"की येणार नाही ते. काल दवाखान्यात गेले होते, सिस्टर बोलून गेली. म्हणाली, तुमच्या जाऊबाईंना विचारा, त्यांच्याकडे तर केव्हापासूनच नाहीये."

साठेबाई चिमटे एकेक करून दोरीला लावत राहिली.

"इंजेक्शन नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार?" धाकटी पुढचा कपडा पिळत म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी काहीतरी केलं असतं. माहेरी गेले असते. आजारी पडले असते. मुलांजवळ झोपले असते. शंभर गोष्टी केल्या असत्या. मी वाट बघत बसले." तिने शेवटचा कपडा टाकला आणि रिकामी बादली घेऊन खाली गेली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काढून टाकणंही आता धोक्याचं आणि ठेवणंही धोक्याचं. ठेवायचं असेल तर मोठ्या दवाखान्याच्या नजरेखाली ठेवा. दीर खूष होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या दिवसापासून धाकटीला बादली उचलू देईनात.

त्या महिन्याच्या बैठकीला साहेब नेहमीसारखे शेजारी बसले. पण इतके महिने साठेबाईने न चुकता तेच वाक्य वाचलेलं, त्यामुळे ते जरा निवांत होते. माऊसवरचा हात काढून त्यांनी चहात साखर ढवळायला घेतली. संयोजकबाईने बसलेल्या आवाजात विचारलं, "आणि तुमच्याकडे? इंजेक्शन?"

साठेबाईने काही ठरवलं नव्हतं. कागद समोर होता, ती तेच वाचणार होती. "साठा" एवढा शब्द तिने उच्चारलाही. मग म्हणाली, "नाहीये."

"काय?"

"साठा नाहीये. कित्येक महिन्यांपासून नाही. वाटेवरही काही नाही. दवाखाने रिकामे आहेत. मी इतके दिवस खोटं सांगत होते."

साहेबांचा चमचा कपात थांबला. त्यांनी आवाज बंद केला नाही. कदाचित त्यांना सुचलं नसेल. कदाचित सुचूनही हात उचलला नसेल. साठेबाईला ते कधी कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

कुणाच्या तरी घरी कुत्रं भुंकलं. मग संयोजकबाई म्हणाली, "आभारी आहे. आता निदान बोलता तरी येईल. सांगा, आधी कुठे संपलं?" साठेबाई सांगत गेली. तोंडपाठच होतं तिला. जाड मिश्यांच्या भांडारवाल्याने बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवला. सगळं ऐकून म्हणाला, "मागचा माल तर गेला. पण अजून थोडा आहे माझ्याकडे. खरेदीची भानगड असेल तर खरेदी नका करू. उसना न्या. तुमचं कोर्ट आटपलं की परत करा."

बैठक संपल्यावर साहेब बराच वेळ बसून राहिले. चहा थंड झाला होता. "साठेबाई," ते म्हणाले, "आता मला तुम्हाला वाचवता येणार नाही."

"मला कळतं, साहेब."

"मी पण बांधलेलाच आहे या खुर्चीला." त्यांनी थंड चहा पिऊन टाकला आणि उठले.

उसनं घेणं म्हणजे खरेदी नव्हे, हे वकिलांना चटकन पटलं. फाइल वर गेली, खाली आली, दोन देशांच्या कार्यालयांत फोनाफोनी झाली. जे सुरुवातीलाच होऊ शकलं असतं ते आता झालं. सुरुवातीला कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचीच बंदी होती. त्याच आठवड्यात साठेबाईची बदली झाली. घालवली कुठे, तर अंगणापलीकडच्या इमारतीच्या तळघरात, कापड विभागात. दवाखान्यांच्या चादरी, कांबळी, पेशंटचे झगे. पगार तोच. शिक्षा वगैरे काही नाही, असं हुकमात मुद्दाम लिहिलं होतं.

माल आला त्या दिवशी म्हातारा हमाल घामाघूम होऊन तळघरात उतरला. "साठेबाई, आला हो तुमचा ट्रक!" ती अंगणात जाऊन उभी राहिली. खोक्यांवरचं लिखाण शेजारच्या देशाच्या भाषेत होतं, त्यामुळे हमालांना काही लपवायची गरज वाटली नाही. सगळी छापील बाजू बाहेर करून रचली होती. तिला आनंद झाला का? झाला असावा. पण ट्रककडे बघताना तिच्या डोळ्यांसमोर धाकटीचं पोट होतं. हे इंजेक्शन आता कुणाकुणाला मिळेल. तिला नाही.

धाकटीला आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारची वेळ. बाहेरच्या बाकावर साठेबाई, सासूबाई आणि तातडीने आलेला दीर. मूल सुखरूप झालं, मुलगी. पण मागच्यासारखाच रक्तस्राव सुरू झाला. रक्ताच्या पिशव्या आल्या, दिराचंही रक्त घेतलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गर्भाशय काढावं लागेल, लगेच, सही हवी.

दीर पेन हातात धरून उभा राहिला. "म्हणजे मग पुढे..." तो म्हणाला. "दुसरं काही..."

सासूबाई बाकावरून उठल्या. आठ बाळंतपणं केलेली आणि चार लेकरं गमावलेली बाई. घर भरलेलं असावं, यापलीकडे त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या दंडाला धरलं. "सही कर," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता." त्याने केली.

तो रक्तासाठी पुन्हा धावत गेल्यावर दोघी बाकावर राहिल्या. समोरच्या भिंतीकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "एवढी बटणं कशाला लागतात, हे मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हा दोघींना?"

साठेबाईने वळून पाहिलं. "आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर मला मुलाची बाजू घ्यावी लागली असती," सासूबाई म्हणाल्या. "न बोलता तिची घेता येत होती." थोड्या वेळाने त्यांनी हात पुसावेत तसे गुडघ्यांवर घासले. "बंद पडलं ते मला कळलं नाही. कळलं असतं तर त्याला त्या दोन आठवड्यांत माझ्याच खोलीत झोपवलं असतं. पाय दुखतात म्हणून."

धाकटी वाचली. घरी आली तेव्हा कागदासारखी पांढरी झाली होती. महिनाभर साठेबाईने बाळाला न्हाऊ-माखू घातलं, धाकटी पडल्या पडल्या बघत राहायची. "पाणी जास्त गरम नाही ना?" एवढंच विचारायची. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. फक्त ते "तुम्ही" गेलं नाही. साठेबाईने ते मागितलंही नाही परत. मागून मिळणाऱ्यांतली ती गोष्ट नव्हती. दीर आता घरी आला की मुलीला मांडीवर घेऊन बसतो आणि बायकोकडे बघत नाही. धाकटी रात्री बिनघोर झोपते, पण मशीनवर बसली की अर्ध्या तासात दमते.

साठेबाईने जुन्या जागेसाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे साहेब आले. कोर्टाच्या तारखा चालूच आहेत, साखळी लावलेली थप्पी शेडमध्ये तशीच आहे. तिच्या टेबलावर आता दुसरे गृहस्थ बसतात, पन्नाशीचे, भिडस्त. अधूनमधून ते तळघरात फोन करतात.

मागच्या महिन्यात केला तो असाच. "बाई, उद्या बैठक आहे. गोळ्या संपत आल्यात. नवे साहेब म्हणतात, इतक्यात काही बोलू नका, वरून विचारून घेऊ."

"उरल्यात किती?" तिने विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला.

"मग तेवढाच सांगा."

"आणि मग?" ते म्हणाले. "मग माझं काय?"

साठेबाईने आजूबाजूला पाहिलं. चादरींचे गठ्ठे छताला टेकले होते आणि वरच्या झरोक्यातून अंगणातून जाणाऱ्यांच्या नुसत्या चपला दिसत होत्या.

"मग इकडे या," ती म्हणाली. "एक खुर्ची रिकामी आहे. खिडकी नाही, पण पंखा बरा चालतो."

ते हसले नाहीत. तीही हसली नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी काय सांगितलं, हे तिला अजून कळलेलं नाही. पण खुर्ची तिने पुसून ठेवली आहे.